मागताना

हरिपुरात पोरींना थोरल्या राणीचं नाव ठेवतात,
धाकटीचंही ठेवतात.
मधलीचं नाही.
शिवी द्यायची झाली तर मात्र
ते नाव सगळ्यांच्या जिभेवर तयार.

संगमेश्वराच्या जत्रेत, रात्रीच्या खेळात,
बावीस वर्षं मी ती करतो.
मास्तरांनी शिकवली तशी:
केस सोडायचे, डोळे गरागरा फिरवायचे,
वर मागताना आवाज चिरका काढायचा,
म्हणजे मागच्या रांगेतून चप्पल येते.
चप्पल आली की खेळ रंगला, म्हणायचे मास्तर.

आई कधी आली नाही बघायला.
गुडघे दुखतात म्हणायची.

आईच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे.
हळदीची गाडी पेवांकडं उतरत होती,
उतारावर चाकाची खीळ निसटली,
बैल बुजलेले, आबा जुवाखाली अडकलेले,
तिनं भोकात बोट घातलं.
ती सांगते तेव्हाही एवढंच सांगते.
आबा म्हणाले, माग, काय पायजे ते माग.
ती म्हणाली, आत्ता नगं.
ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी.

पोथीतल्या राणीचंही असंच काहीसं झालेलं.
रणातला रथ, आस, बोट,
आणि उधार राहिलेला शब्द.
तो प्रवेश मास्तरांनी कापला होता.
वेळ जातो, म्हणायचे. लोकांना राग आला पाहिजे,
दुसरं काही नको.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं मागितलं:
नदीकडचं दीड एकर
आणि विहिरीच्या पाण्याची पाळी
माझ्या श्रीपतीच्या नावावर.
थोरला दौलूदादा दारात उभा होता, मान खाली घालून.
सवतीचा, पण त्यालाही तिनंच वाढवलेलं,
त्याच्या गोवराच्या रात्री तिनंच जागलेल्या.
गावानं त्या दिवशी तिला नवं नाव ठेवलं,
म्हणजे ते जुनंच.

आणि मी
तलाठ्यासमोर हक्कसोडीवर सही केली.
दादाचंच राहू दे, म्हणालो.
केवढं कौतुक! चावडीत, देवळात, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा:
पोरगं बघा, पादुका डोक्यावर घेणारं.
दादानं मिठी मारली. खरीच मारली,
त्यात काही खोट नव्हती.
घरी आईनं ताट वाढलं.
भाकरी मोडून दिली.
सत्तावीस वर्षं झाली,
त्यावर एक अक्षर नाही.

यंदा आली.
पुढच्या रांगेत, घोंगडीवर,
दादाच्या नातवाला मांडीवर घेऊन.
पडद्याच्या फटीतून मी बघितलं
आणि तोंडावरचा सफेदा घामानं फुटला.

रुसलेल्या राणीचा महाल. पेटी थांबली.
मी केस सोडले नाहीत.
आवाज चिरका निघेना.
उजवा हात वर केला, करंगळी दुमडून,
आणि वहीत नसलेलं बोललो:
महाराज, चाकात बोट माझं होतं.

चप्पल आली नाही. शिट्टीही नाही.
मागं कुणीतरी खोकलं.
राजा झालेला बाळकू गुरव
आपलं वाक्य विसरून माझ्या हाताकडंच बघत राहिला.
मग मी मागितलं,
सावकाश,
पाण्याची पाळी मागतात तसं.

खेळ पडला. पंच म्हणाले,
पुढच्या वर्षाला दुसरा कुणीतरी बघू.

पहाटे संगमावर तोंड धुवायला गेलो.
वारणा कृष्णेत शिरते तिथं
थोडा वेळ दोन्ही पाणी वेगळं दिसतं.
आई पायरीवर येऊन बसलेली. एकटी,
गुडघे पोटाशी घेऊन.
ती काही म्हणेल म्हणून मी खोबरेल चोळत राहिलो,
चोळत राहिलो, कातडी निघायची वेळ आली.

तिनं कानामागचा राहिलेला रंग
अर्ध्या बोटानं पुसला. म्हणाली:
पदर घसरला होता तुझा.
मागताना पदर घसरू देऊ नये,
लोक मग त्याच्याकडंच बघत बसतात.